शेळके बाईंच्या खोलीतला कन्व्हर्टर

“सॉकेटातली पिन आईच काढते,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आई समोरच कॉटवर बसल्या होत्या.

मी हातात मल्टिमीटर घेऊन दोघांच्या मधे उभी. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला असल्या प्रसंगाचं प्रॅक्टिकल नव्हतं.

“मी काढत नाही,” आई म्हणाल्या. “तुला दहा वेळा सांगितलं.”

“मग आपोआप बंद पडतं का?”

“ते या मॅडमना विचार. त्या नगरहून त्याचसाठी आल्यात.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे पाहिलं. अॅडॉप्टरचं व्होल्टेज अगदी बरोबर होतं. स्पीकरवर गाणं चालू होतं. बंद पडण्याची काही चिन्हं नव्हती. सर्व्हिसच्या माणसाला याच्याइतका वैताग दुसरा नाही. मोडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं. चालणाऱ्या यंत्राचं काय करायचं?

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नगरच्या एमआयडीसीत आमची नऊ माणसांची कंपनी होती. एक शेड, दोन टेबलं, एक फोन आणि मालक बोरुडे साहेब. आम्ही साखर कारखान्यांसाठी फायबरचे कन्व्हर्टर बनवायचो. कारखान्यात मोठमोठ्या मोटारी असतात. त्यांच्या शेजारून साधी तांब्याची वायर नेली, की मोटारीची सगळी खरखर त्या वायरीत शिरते. म्हणून सिग्नल तांब्यातून न नेता प्रकाशातून न्यायचा. एका टोकाला एक डबा विजेचा प्रकाश करतो. तो प्रकाश दोऱ्याएवढ्या फायबरमधून जातो. दुसऱ्या टोकाचा डबा त्याची परत वीज करतो. या डब्यांना कन्व्हर्टर म्हणायचं. फायबरमध्ये वीजच नाही, त्यामुळे मोटार कितीही बोंबलली तरी तिला ऐकू येत नाही.

साहेबांची सासुरवाडी नगर जिल्ह्यातल्या कर्जतची. तिथे एका लग्नात त्यांना डॉक्टर शेळके भेटले. खाली दवाखाना, वर घर. डॉक्टरांना गाण्याचा भारी नाद. हॉलमध्ये टेप डेक, ट्यूनर, अॅम्प्लिफायर अशी सगळी मांडणी. त्यावरचं गाणं त्यांना खालच्या वेटिंग रूममध्ये आणि गच्चीच्या मजल्यावर आईच्या खोलीत ऐकू यायला हवं होतं. वायर टाकून झाली होती. पण खाली एक्स-रे काढला, की वरच्या गायकाच्या तोंडून ‘खर्र’ असा आवाज यायचा. साहेबांनी जेवणाच्या पंगतीतच त्यांना ‘होम ऑडिओ नेटवर्क’ विकलं. आमच्या कंपनीत तोवर हे शब्द कोणी ऐकले नव्हते. सोमवारी साहेबांनी ऐकवले.

डबे तेच, आतला बोर्ड थोडा बदललेला. फक्त कारखान्यातला डबा लोखंडी असायचा. साहेब म्हणाले, “घरात असा डबा कोण ठेवील? डीपीसारखा दिसतो.” मग त्यांनी दुधी रंगाच्या अॅक्रिलिकचे देखणे डबे करून घेतले. आतला लाल दिवा बाहेरून मंद दिसायचा. “गिऱ्हाइकाला टेक्नॉलॉजी दिसली पाहिजे,” असं त्यांचं म्हणणं.

दिवाळीच्या आधी मी ते बसवून आले. एक्स-रे काढला तरी गाण्यात खर्र नाही. डॉक्टर खूश. साहेब तर इतके खूश, की त्यांनी नवीन लेटरहेड छापलं.

फेब्रुवारीत फोन आला. आईच्या खोलीतलं बंद पडतंय. रोज. संध्याकाळ व्हायच्या आधी, अर्धा-पाऊण तासासाठी. मग आपोआप सुरू होतं.

डॉक्टरांच्या आईंना सगळं कर्जत ‘बाई’ म्हणायचं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या निम्म्यांच्या आईबापांना. आता गुडघे गेले होते. जिना उतरायचा म्हणजे दोन माणसं लागायची. त्यामुळे वरची खोली, खिडकी आणि गाणं एवढंच त्यांचं जग. चार वाजता दवाखान्याचा कंपाउंडर नामदेव हॉलमध्ये त्यांची कॅसेट लावायचा. बंद पडलं की बाई बेल वाजवायच्या. डॉक्टर ओपीडीतले हातातले पेशंट उरकून, दोन मजले चढून अर्ध्या-पाऊण तासानं वर यायचे. तोवर बहुतेक वेळा गाणं पुन्हा सुरू झालेलं असायचं.

म्हणून त्यांनी निदान केलं होतं.

“मॅडम, वेटिंग रूमचा डबा तुमचाच. तो कधी बंद पडत नाही,” त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. “वरचा पडतो. दोन्ही डबे सारखे. फरक एकच, वर आई आहे. तिला मी वर यायला हवा असतो, म्हणून पिन काढते. मला त्याचा राग नाही. पण ती काढते आणि विसरते, याची काळजी आहे. परवा तिच्या खोलीतल्या शेगडीवर दूध उतू गेलं. त्याच्या आधी एकदा गेलं.”

दूध आमच्या वॉरंटीत बसत नव्हतं.

बाईंना मी रीतसर विचारलं, “कधी बंद पडतं?”

“ऊन कॉटवर चढलं, की त्यानंतर थोड्या वेळात.”

“आई, त्यांना वेळ सांग,” डॉक्टर म्हणाले. “ऊन काय करायचंय?”

“मी घड्याळ बघून गाणं ऐकत नाही.”

“साडेचारच्या सुमाराला, मॅडम.”

मी फॉर्मवर लिहिलं: साडेचार. ऊन फॉर्मवर लिहायला रकानाच नव्हता.

त्या पहिल्या खेपेला मी फायबरची टोकं स्पिरिटनं पुसली. फायबरच्या टोकावर धूळ बसली, की प्रकाश अडतो. टोक डोळ्यासमोर धरलं तर लाल ठिपका स्वच्छ दिसत होता. नगरची थेट एस.टी. साडेतीनला होती. ती पकडून मी परत आले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, काल पावणेपाचला बंद पडलं.

दुसऱ्या खेपेला मी वरचा डबाच बदलला. आमच्याकडे सुटे डबे होते, तेही अॅक्रिलिकचे. जिन्याच्या कोपऱ्यात फायबर जरा जास्त वाकली होती, ती सैल केली. फायबरला काटकोनात वाकवलं तर प्रकाश वळत नाही, बाहेर सांडतो. मला वाटलं, सापडलं. साडेतीनची एस.टी. पकडली. दुसऱ्या दिवशी फोन.

नामदेव मला स्टँडवर सोडायला यायचा. तो एकदा म्हणाला, “मॅडम, बंद पडतं ह्ये खरं हाय. म्या सोता ऐकलंय. पन बाई पिन काढत्यात का न्हाई, ते काय मला ठावं न्हाई. म्या हालात असतो. डाक्टर म्हन्त्यात काढत्यात, बाई म्हन्त्यात न्हाई. मी दोघांचंबी खातो.”

तिसऱ्या खेपेला मी ठरवूनच गेले. एस.टी. चुकली तरी चालेल, मिरजगावला गाडी बदलून जाईन, पण पाच वाजेपर्यंत बाईंच्या खोलीतून हलायचं नाही. मार्चचा पहिला आठवडा होता आणि आभाळ सकाळपासून भरून आलेलं. अवकाळी पडणार असं सगळे म्हणत होते. मी स्टुलावर बसले. बाई कॉटवर. कॅसेट लागली. चार झाले, साडेचार झाले, पाच झाले. गाणं एका क्षणासाठीही अडलं नाही. बाईंनी मला दोनदा चहा पाजला आणि माझं लग्न का झालं नाही ते विचारलं. सव्वापाचला डॉक्टर वर आले.

“बंद पडलं?”

“नाही.”

“बघ आई,” डॉक्टर हळू म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला तेव्हाही कळलं. “मॅडम बसल्या तर पडत नाही. बाकी रोज पडतं.”

बाईंनी चहाचे कप एकात एक ठेवले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुमचा सर्व्हिस रिपोर्ट मला लागेल. सोमवारी तिला पुण्याला न्यूरोच्या डॉक्टरकडे नेतोय. विसरण्याचं बघायला. हे सगळं त्यांना दाखवतो. त्यानंतर तिला खाली वॉर्डशेजारच्या खोलीत आणायचं म्हणतो. सिस्टरचं लक्ष राहील.”

“मला फिनाइलच्या वासात झोपायचं नाही,” बाई म्हणाल्या.

मी स्टुलावर पॅड ठेवून रिपोर्ट भरला. आमच्याकडे शेरे इंग्रजीत लिहायची पद्धत होती. इंग्रजीत लिहिलं की आपण काही लिहिलंच नाही असं वाटतं. मी लिहिलं, ‘इक्विपमेंट ओके. प्रॉबेबल युजर डिस्टर्बन्स.’ म्हणजे यंत्र ठणठणीत आहे, वापरणाऱ्यानंच काहीतरी केलं असावं. खाली सही. तीन खेपा झाल्या होत्या, साहेबांनी ‘चौथी कशाला’ असं विचारलं असतं, आणि मला घरी जायचं होतं.

दवाखान्याची बेल वाजली म्हणून डॉक्टर खाली गेले. बाईंनी हात पुढे केला. “बघू.”

उशाखालचं भिंग काढून त्यांनी तो कागद वाचला. सावकाश, वहीतला निबंध वाचावा तसा.

“युजर म्हणजे मी ना?”

“तो एक फॉर्मचा शब्द असतो, बाई.”

“पण मीच ना?”

“हो.”

त्यांनी कागद परत दिला. “मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ऊन कॉटवर चढलं की बंद पडतं. आज ऊन कुठं होतं?”

मी खिडकीबाहेरच्या ढगांकडे पाहिलं. खाली रिक्षा थांबली होती. मी एक प्रत डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि निघाले.

मिरजगावला गाडीची वाट बघत उभी होते, तेव्हा मला स्वतःचा राग यायला लागला. बाईंचा प्रश्न साधा होता. एखाद्या कारखान्यातल्या ऑपरेटरनं, ‘बॉयलर पेटला की तुमचा डबा बंद पडतो,’ असं सांगितलं असतं, तर मी सगळ्यात आधी बॉयलरजवळ गेले असते. बाईंनी ऊन म्हटलं, तर मी त्याचं साडेचार केलं. सत्तरीच्या, दूध उतू घालवणाऱ्या बाईचं म्हणणं म्हणून.

दुसऱ्या दिवशी शनिवार. नगरला कडक ऊन पडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी एक जोडी डबे, फायबर, रेडिओ आणि एक छोटा स्पीकर घेऊन शेडच्या मागच्या अंगणात बसले. सावलीत डबा ठेवला. रेडिओवर बाजारभाव चालू होते, ते स्पीकरवर स्वच्छ आले. मग डबा उचलून उन्हात ठेवला. कांद्याचा भाव अर्ध्यात तुटला.

मी टिफिनचं झाकण डब्यावर धरलं. बटाट्याचा भाव ऐकू आला. झाकण काढलं. गप्प.

हे इतकं सोपं होतं, की मला हसू आलं, आणि मग डॉक्टरांच्या टेबलावरची प्रत आठवली. प्रकाश घेणारा डबा म्हणजे शेवटी एक डोळाच असतो. फायबरमधून येणारा लाल प्रकाश एवढासा. दुधी अॅक्रिलिकमधून थेट ऊन आत शिरलं, की तो डोळा दिपतो. मग त्याला लाल-बिल काही दिसत नाही. लोखंडी डब्यात हे कधी झालं नसतं. ट्यूबलाइटखाली टेस्टिंग केलं तेव्हाही झालं नाही, कारण ट्यूबलाइट उन्हापुढे काहीच नाही. बाईंची खिडकी पश्चिमेला. ऊन आधी जमिनीवर, मग कॉटवर, मग कॉटच्या वरच्या फळीवर. फळीवर आमचा डबा; ऊन पुढे सरकलं, की तो परत सुरू. दिवाळीत बाहेरच्या कडुलिंबाची दाट सावली होती. फेब्रुवारीत पानं गळली आणि ऊन आत आलं.

साहेब हात धुवायला मागे आले.

“साळवे, ऊन खायला बसलात का?”

“कन्व्हर्टरला बसवलंय, साहेब.”

मी त्यांना झाकण ठेवून आणि काढून दाखवलं. साहेबांनी तीनदा करून बघितलं. मग इकडेतिकडे पाहिलं. अंगणात आम्ही दोघंच होतो.

“डॉक्टरांना सांगू नका,” ते म्हणाले. “सुधारित मॉडेल आलंय म्हणायचं. लोखंडी डबा बसवून या.”

“आणि त्यांच्या आईचं काय?”

“आईचं काय?”

“त्या पिन काढतात असं मी रिपोर्टमध्ये लिहिलंय.”

“नाव घालून?”

“युजर लिहिलंय.”

“मग झालं तर. युजर कोणीही असू शकतो.”

“त्या खोलीत एकच युजर आहे, साहेब. सोमवारी त्यांना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरकडे नेतायत. माझा कागद बरोबर घेऊन.”

साहेब वाईट माणूस नव्हते. विक्री करणारे होते. त्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले.

“हे अॅक्रिलिक कुणी ठरवलं होतं?”

“तुम्ही.”

“ड्रॉइंगवर सही?”

“तुमची.”

“जा,” ते म्हणाले. “आत्ताच जा. खरं काय ते सांगा. पण तिथं हसू नका.”

मी लोखंडी डबा पिशवीत घातला आणि स्टँड गाठलं. कर्जतला पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. आभाळ निरभ्र होतं. मी आधी ओपीडीत गेले. डॉक्टर एका म्हाताऱ्याचं पोट तपासत होते.

“डॉक्टर, पंधरा मिनिटं वर चला.”

“पेशंट आहेत, मॅडम.”

“वरही आहे. तो आमचा डबा आहे.”

ते स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून वर आले. बाई कॉटवर. ऊन त्यांच्या पायांवर आलेलं. गाणं चालू. मी म्हटलं, काही बोलायचं नाही, कोणी कशाला हात लावायचा नाही. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. वर्गात मुलांना ठेवायला सांगत असतील तसे.

ऊन चादरीवरून भिंतीवर चढलं. फळीच्या कडेला लागलं. गाण्यात आधी थोडी चरचर आली, मग आवाज बुडाला, मग काहीच नाही. डॉक्टरांनी सवयीनं पिनेकडे बघितलं. पिन जागेवर होती. डब्यातला दिवाही लागलेला होता. बाईंचे हात मांडीवर होते.

मी टेबलावरचा पेपर उचलून ऊन आणि डब्याच्या मधे धरला. गाणं आलं. बाजूला केला. गेलं.

डॉक्टरांनी माझ्या हातून पेपर घेतला. स्वतः धरला, काढला, धरला, काढला. पाच-सहा वेळा.

“पुरे आता,” बाई म्हणाल्या. “चांगली ठुमरी चाललीय, तिचे तुकडे करू नकोस.”

डॉक्टर पेपर तसाच धरून उभे राहिले. गाणं चालू राहिलं.

“आई, उन्हाचं मला सांगितलं का नाहीस?”

“पहिल्या दिवशी सांगितलं. तू म्हणालास, वेळ सांग.”

डॉक्टर कॉटच्या कडेला बसले. पेपर खाली आला, गाणं गेलं, कोणीच लक्ष दिलं नाही. मी डबा बदलायला घेतला. माणसं शेजारी बसून गप्प असली की स्क्रू फार हळू फिरतात.

“सोमवारचं कॅन्सल करतो,” ते म्हणाले.

“कशाला? जाऊ की. दूध दोनदा उतू गेलं हे खरंच आहे. त्यांना बघू दे काय ते.” बाई थांबल्या. “फक्त तो कागद न्यायचा नाही.”

डॉक्टर खाली जाऊन माझा रिपोर्ट घेऊन आले आणि मला दिला. मी तो फाडायला लागले, तर बाईंनी थांबवलं.

“फाडू नका. खोडा. खोडून खाली बरोबर लिहा आणि सही करा. चूक कुठं होती ते दिसलं पाहिजे.”

मी शेरा खोडला. भिंगातून बघत त्या म्हणाल्या, “‘डिस्टर्बन्स’चं स्पेलिंगही चुकलंय.”

“हो, बाई.”

“आता मराठीत लिहा. त्याला नीट कळेल असं.”

मी लिहिलं, ‘चूक आमच्या डब्याची. ऊन पडलं की तो बंद पडतो. बाई बरोबर सांगत होत्या.’ सही केली, तारीख घातली. डॉक्टरांनी वाचलं. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. नंतर मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि तिथे दोन-तीन वेळा काहीतरी बोलायचं मनात आणून शेवटी म्हणाले, “चहा घेतलात का?”

पुण्याच्या डॉक्टरांनी बाईंना वयाच्या मानानं उत्तम ठरवलं. हे नामदेवनं मला फोनवर सांगितलं. बाई वरच्याच खोलीत राहिल्या. दूध तापवायचं काम नामदेवकडे गेलं आणि त्यानंतरही ते एकदा उतू गेलंच. त्याला कोणी पुण्याला नेलं नाही.

साहेबांनी अॅक्रिलिकचे उरलेले डबे आतून काळे रंगवून घेतले. पुढच्या माहितीपत्रकात ‘सूर्यप्रकाशापासून खास संरक्षण’ अशी ओळ आली, जणू ती आमच्या संशोधनातून निघाली होती. एका अर्थी निघालीच होती.

‘युजर डिस्टर्बन्स’ हा शेरा त्यानंतर मी कधी लिहिलाच नाही असं नाही. पुढे पंधरा-वीस वर्षं नोकरी झाली, पाच-सहा वेळा लिहावा लागला. दोनदा तर युजरनं खरोखरच डब्यात चहा सांडला होता. पण लिहिण्याआधी त्या माणसाचं सगळं म्हणणं ऐकून घ्यायची, त्याच्याच शब्दांत लिहायची, आणि शेरा त्याच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवायची सवय लागली. मोठ्यानं वाचायला लागलं, की निम्मे शेरे आपले आपणच खोडतो.